वरची मूठ

त्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. खोटं कशाला सांगू, भांडण मला जमतं. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांना घरात मीठ संपलं तरी अर्ज लिहावासा वाटतो. त्यामुळे घरातलं भांडण करायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

आमचं राजूरला मसाल्याचं दुकान आहे, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काळा मसाला आणि लाल तिखट, बाकी काही नाही. माझं माहेर धावड्याकडचं, तिकडच्या मिरचीची ओळख मला रंगावरून पटते. दुकानामागे पत्र्याच्या शेडात कांडप मशीन आहे आणि तेव्हा तिथं पाच बायका काम करायच्या. त्यातली एक माझी थोरली जाऊ. मी त्यांना बाई म्हणते. चार गावच्या बायका आणि आमच्या बाई, असं ते राज्य.

चतुर्थीला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात तर बायका मिरच्या घेऊन रांगेत बसतात. पण पाऊस लागला की काम आटतं. मग दरवर्षी मला त्या चौघींना सांगावं लागायचं, आता दसऱ्यापर्यंत नका येऊ. त्या दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या तरी शेतात मिरची तोडायला, खुरपायला जायच्या. एका वर्षी त्यातली एक म्हणाली, "तुमच्या शेडात मला समदे मावशी म्हणतेत. वावरात गेलं की नुसती 'ए' व्हते." ते ऐकल्यापासून मला त्या दिवसाची धास्ती बसली होती. बारा महिने काम काढायचं तर माल बारा महिने खपला पाहिजे, आणि राजूर काही बारा महिने मसाला विकत घेणार नाही.

दुबईला राहणारी एक पोरगी दरवर्षी सासरी आली की आमच्याकडून पाच-सहा किलो मसाला न्यायची. तिनंच डोक्यात किडा सोडला. म्हणाली, मावशी, तिथल्या दुकानात पाठवा की. मी चौकशी केली तर एक एजंट भेटला. परदेशात माल पाठवायचा परवाना काढून देतो म्हणाला आणि जे पैसे मागितले त्यात एक बरी म्हैस आली असती. वर म्हणाला, "साहेब लोकांना द्यावं लागतंय, ताई." झालं. मी म्हटलं कोण साहेब ते बघूनच येते. सकाळची एसटी धरली आणि जालन्याला उद्योगाच्या कार्यालयात जाऊन उभी राहिले.

निर्यातीचं टेबल कोणतं ते शिपायानं बोटानं दाखवलं. टेबलामागे एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ डबा खात बसले होते. भाकरी आणि दोडक्याची भाजी. मी त्यांचा घास तोंडात असतानाच सुरू केलं. परवान्याला एवढे पैसे कशाला, गरिबांनी धंदा करायचा का नाही, तुम्हाला पगार मिळत नाही का, आमचे मास्तर नाहीत का पगारात भागवत, सगळं बोलून घेतलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. गृहस्थांनी घास गिळला, पाणी प्याले, डब्याला झाकण लावलं.

"तुमचं झालं असंल तर इकडं बघा, ताई," ते म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे वळवलं. "ही फी. घरी बसून भरायची. पॅनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, बास. मास्तर म्हनता ना तुमचे मालक? त्यांला म्हना, अर्ज भरा."

पडद्यावरचा तो एवढासा आकडा बघून माझा चेहरा असा पडला असेल की ते हसले. भांडायला जावं आणि भांडणाचं कारणच उरू नये, मग माणसाचं जे होतं ते माझं झालं. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून मी नुसतीच खुर्चीवर बसले.

मग त्यांनी एका वापरलेल्या कागदाची पाठकोरी बाजू घेतली आणि पेन्सिलीनं एकाखाली एक लिहिलं: नंबर, अन्नाचा परवाना, मसाल्याची नोंदणी, तपासणी, गिऱ्हाईक. "एकदम करू नका. एक झालं की खोडायचं आन् मंग माझ्याकडं यायचं." तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. पाचही शब्दांवर रेघ आहे.

कागदावरचा पहिला शब्द नंबर, म्हणजे परदेशात माल पाठवायचा परवाना, तो आमच्या ह्यांनी एका रविवारी काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अर्ज कुणीतरी मनापासून मागितला होता. ते दिवसभर खुशीत होते. मंजुरीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला. मी तो घेऊन साहेबांकडे गेले आणि सोबत पावशेर काळा मसाला नेला. साहेबांनी कागद घेतला आणि मसाल्याची पुडी दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवली.

"न्हाई ताई."

"अहो पावशेर मसाला आहे, लाच नाही."

"ते मला ठाऊक हाये. पन नोकरी हाये तवर न्हाई."

मला राग आला. माझ्या मसाल्याला काय विष लागलंय का, असं पुटपुटत मी ती पुडी परत घरी आणली. नंतर नंतर मला त्या माणसाची रीत कळली. चहासुद्धा स्वतःच्या पैशानं मागवायचे आणि मलाही पाजायचे. म्हणजे मी सरकारकडे जाऊन साहेबांच्याच खिशातला चहा पिऊन यायचे.

पुढचे सहा-सात महिने मी किती वेळा ती एसटी धरली त्याला गणती नाही. कार्यालयानं एक दिवसाची कार्यशाळा ठेवली होती, तिथं जाऊन बसले. चाळीसेक माणसं, त्यात आम्ही दोघी बायका. माल बांधायचा कसा, कागद कोणते, पैसे बुडू नयेत म्हणून काय करायचं, सगळं एका बाईनं इतकं समजावून सांगितलं की शाळेत असं शिकवलं असतं तर मी दहावी नापास झाले नसते. मग मसाला तपासणीला पाठवला आणि तो नापास झाला. ओलावा जास्त निघाला. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मिरचीमुळे आहे असं मी सांगितलं.

त्यांनी विचारलं, मिरची वाळवता कुठं? म्हटलं गच्चीवर, आमच्या सात पिढ्या वाळवतात तशी. ते म्हणाले, "रात्री दव पडतंय त्याचं काय? जाळी बांधा, जमिनीपासून वर. आन् संध्याकाळी झाका." शेडावर बांबूला जाळी बांधली. दुसऱ्या वेळी पास. आणि तपासणीला जो खर्च झाला त्यातला काही भाग योजनेतून परत मिळतो, असं त्यांनीच सांगितलं. आम्ही अर्ज केला आणि पैसे खरोखरच बँकेत आले. आमचे हे पासबुक हातात घेऊन म्हणाले, "शासन परत पण देतं?" तीस वर्षं शासनाचाच पगार खाणारा माणूस हे विचारतोय, म्हणून मी खूप हसले.

पाचवा शब्द राहिला होता, गिऱ्हाईक. सरकारनं संभाजीनगरला परदेशी खरेदीदारांचा मेळावा भरवला. आम्हाला एक टेबल फुकट मिळालं, वर पांढरा कपडा. मी आणि बाई दिवसभर त्या टेबलामागे बसलो. येणारे जाणारे बघायचे आणि पुढे जायचे. तिसऱ्या प्रहरी एक दुबईचे व्यापारी थांबले. त्यांची तिकडे किराणा मालाची दुकानं होती. त्यांनी बोटाच्या टोकावर मसाला घेतला, जिभेवर ठेवला आणि पाणी मागितलं. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर ते हिंदीत म्हणाले, "दोसौ किलो भेजो. आधा-आधा किलो का पॅकेट. कागज में जो लिखा है, वही डिब्बे में निकलना चाहिए. पहला माल बराबर आया तो हर महिने लूँगा. नहीं आया तो राम राम."

हर महिने. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात त्या चौघी आणि दसरा एवढंच फिरत होतं. त्यांच्या बोलण्यातला मधला भाग माझ्या कानात शिरला आणि तसाच बाहेर पडला.

आता आमच्या बाईंचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्या हातावर घडलं. घडलं त्यांच्या हातावर, पण सांगितलं मी होतं.

आमच्याकडे माप कधी काठोकाठ देत नाहीत. पायली भरली की वर शीग चढवायची, दाणे ओघळून खाली पडेपर्यंत. वजनाचा काटा आला, मग इलेक्ट्रॉनिक काटा आला, पण हात तोच राहिला. आकडा बराबर झाला की वर एक मूठ टाकायची. ती मूठ गिऱ्हाइकाची. ती मोजायची नाही, तिचे पैसे धरायचे नाहीत आणि टाकल्यावर परत काढायची नाही. ज्याच्या हातून शीग जात नाही त्याच्या घरात बरकत राहत नाही, असं बाईंच्या तोंडी कायम. राजूरला आमच्या दुकानाला नाव आहे ते मसाल्याला जेवढं, तेवढंच त्या मुठीला.

आणि परदेशात पहिला माल चालला होता. पॅकिंग सुरू झालं त्या दिवशी मीच बाईंना म्हटलं, "बाई, हात आखडू नका. तिकडं आपल्या गावाची लाज जायला नको." बाईंनी मनावर घेतलं. मशीनवर पाचशे ग्रॅम झाले की त्या वर आपल्या हातानं एक मूठ टाकायच्या, हलकीशी, आणि मग पिशवीचं तोंड चिकटवलं जायचं. चारशे पिशव्या. वीस-वीसची वीस खोकी. सगळे कागद मुंबईच्या माल सोडवणाऱ्या माणसाकडे आधीच गेले होते: चारशे पाकिटं, प्रत्येकी पाचशे ग्रॅम, निव्वळ वजन दोनशे किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो मुंबईला निघणार होता. माझं खोक्यांना हळदकुंकू लावून झालं होतं.

त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला साहेब आले. भोकरदनकडे कुठल्या तरी कारखान्याची पाहणी करून परत निघाले होते, वाटेत म्हणून थांबले. शेडात शिरल्या शिरल्या त्यांना तीन शिंका आल्या. आम्ही बायका हसलो. मी कौतुकानं एक खोकं उघडं करून पाकीट त्यांच्या हातात दिलं. रंग बघा, छपाई बघा, म्हटलं. त्यांनी पाकीट हातात घेतलं, आणि बाजारात कोबीचा गड्डा तोलतात तसं वरखाली केलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काटा कुठं हाये?"

पिशवीचं वजन सोडून पाचशे चोवीस. दुसरं घेतलं, पाचशे एकतीस. तिसरं पाचशे एकोणीस.

"मशीन बिघडलंय का काय?"

"मशीन बराबर हाय, साहेब," बाई अभिमानानं म्हणाल्या. "वरून मी मूठ टाकून राह्यले."

साहेब तिथल्या पोत्यावर खाली बसले. "दोन महिन्यांपासून काय सांगून राह्यलोय मी तुम्हाला, ताई? कागदावर जे, तेच काट्यावर."

माझं डोकं फिरलं. जिचं चुकलेलं असतं तिचं आधी फिरतं. "कमी दिलं असतं तर बोला की! जास्त दिलं तर कुणाच्या बापाचं काय जातंय? आमच्या पदरचं गेलं!"

"कमी निघालं तर चोरी, जास्त निघालं तर लपवालपवी. बंदरावर तुमची मूठ कुन्ला ठाऊक हाये? त्यांला कागद दिसतोय. कागदावर दोनशे किलो, आन् काट्यावर दोनशे दहा. ते म्हनतेन, ह्यांनी दहा किलो माल लपवून धाडला. माल थांबवतेन. चौकशी व्हईल, महिना जाईल. तवर तो दुबईवाला काय करंल?"

राम राम. मला त्या व्यापाऱ्याचं सगळं बोलणं आता शब्दाशब्दानं आठवलं, ते मधलंसुद्धा. चौघी बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय पणाला लागलंय ते माझ्याइतकंच ठाऊक होतं, कारण हर महिने हा शब्द मी आल्या आल्या त्यांना सांगितला होता.

"कागद बदलता येतील?" मी विचारलं.

त्यांनी मुंबईला फोन लावला. बोलणं ऐकूनच कळलं. पाकिटांवर छापलेलं वजन बदलणार कसं, आणि कागद नव्यानं करायचे तर जहाजातली जागा जाणार. फोन ठेवून ते म्हणाले, "कागद न्हाई बदलत. माल बदला. टेम्पो उद्या हाये ना? आत्ताच साडेबारा झालेत."

पिशव्या होत्या. छपाईवाल्यानं कमीत कमी हजार घ्याव्या लागतील म्हणून अडवलं होतं आणि मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. त्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या. चारशे पाकिटं फोडायची, वजन करायचं, नव्या पिशवीत भरायचं, चिकटवायचं, तारखेचा शिक्का मारायचा. पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

"म्या टाकलेली मूठ म्या काढनार न्हाई," त्या म्हणाल्या. "दिलेलं परत घ्यायचं? आजवर कधी घेतलं न्हाई. तुम्ही करा. मला सांगू नका."

मी काही बोलणार तेवढ्यात साहेबांनी मला हातानं थांबवलं. ते बाईंच्या समोर खाली बसले.

"बाई, मी कुंभार पिंपळगावचा. माझा बाप बाजारात ज्वारी विकायचा. पायलीवर शीग अशी चढवायचा की माय म्हनायची, घरी पोरांला काय दगडं घालू? त्यानं टाकलेली शीग कधी काढली न्हाई. मला ठाऊक हाये ते."

बाई ऐकत होत्या.

"ही मूठ परत घरात घ्यायची न्हाई. निस्ती जागा बदलायची. एक मोठं पातेलं ठिवा. काढलेली मूठ त्यात टाका. येत्या चतुर्थीला दुकानात जे कुनी येतेन त्यांला त्यातली मूठ वरून द्या. तुमचं दिलेलं दिलेलंच राह्यलं. इथं समोरचा मानूस तुमचा हात बघतो, त्याला मूठ द्यायची. तिकडं तो हात बघायला कुनी न्हाई, तिकडं फक्त आकडा."

बाईंनी पदर खोचला. मग उठून घरातून पुरणाचं मोठं पातेलं घेऊन आल्या, ओट्यावर ठेवलं आणि पहिलं पाकीट स्वतः फोडलं.

साहेबांनी खिशातून कागद काढला आणि मांडीवर घेऊन काहीतरी लिहायला लागले. मला वाटलं आमच्या चुकीची नोंद करतायत. डोकावून बघितलं तर अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज. मी म्हटलं हे कशाला? म्हणाले, "पाकिटं फोडायचा मला पगार न्हाई मिळत." कार्यालयात फोन करून त्यांनी कुणाला तरी सांगितलं, दुपारनंतर मी रजेवर आहे, अर्ज उद्या आणतो. मग बाह्या वर केल्या, पॅकिंगला आम्ही बायका घालतो तशी केस झाकायची टोपी डोक्यावर घातली आणि काट्यासमोर बसले.

ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोघी फोडायच्या, बाई भरायच्या, साहेब आकडा म्हणायचे, दोघी चिकटवायच्या, मी शिक्का मारायचे. आमचे हे शाळा सुटल्यावर आले आणि काही न विचारता खोकी बांधायला बसले. साहेब आकडा बोलायचे आणि शिंकायचे. पाचशे एक, शिंक. चारशे नव्व्याण्णव, शिंक. "टाका अजून कनभर. आता बराबर." त्यांचे डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं. मी म्हटलं साहेब, तुम्ही बाहेर बसा. ते म्हणाले, "बाहेर बसलो तर बाई परत मूठ टाकतेन." बाई पदर तोंडाला लावून हसल्या. दिवेलागणीला विसावं खोकं बांधून झालं. पातेलं काठापर्यंत भरलं होतं, दहाएक किलो तरी असेल. साहेबांनी हात धुतले, दुधाचा चहा घेतला, आणि जाताना कपाजवळ दहाची नोट ठेवली. त्या नोटेवरून मी त्यांच्याशी वाद घातला आणि हरले.

पंधरा-वीस दिवसांनी मुंबईच्या माणसाचा फोन आला. बंदरावर आमचं एक खोकं उघडून बघितलं होतं. आतली पाकिटं काट्यावर ठेवली, कागदाशी ताडून बघितली आणि लगेच सोडून दिलं. तो हे सहज सांगत होता, रोजचंच असल्यासारखं. मी फोन ठेवला आणि बाईंना सांगितलं. बाईंनी देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि मग जरा वळून जालन्याच्या दिशेनं पण जोडले. मला हसू आलं आणि रडूही.

दुबईवाल्यांनी दुसरा माल मागवला, मग तिसरा. त्या वर्षी पाऊस लागला तेव्हा मी चौघींना काहीच सांगितलं नाही. त्या वाट बघत होत्या, मी आता नका येऊ म्हणेन म्हणून. एक दिवस मावशीनंच विचारलं, "मंग उद्यापासून?" मी म्हटलं, "उद्यापासून काय? रोजच्यासारखं नऊला या." आता शेडात नऊ बायका आहेत. आम्ही दोन ओटे केले आहेत. एका ओट्यावर निर्यातीचं, तिथं मूठ टाकायची मनाई. तिथं बाईंना मी बसू देत नाही. दुसरा ओटा दुकानाचा, तिथं बाईंचं राज्य. पातेलं पहिल्याच चतुर्थीला संपलं, पण बाईंनी त्याची जागा हलवली नाही. वरची मूठ आता त्यातूनच जाते.

लोक मला म्हणतात, सरकारनं काय दिलं? मी सांगते. मला सरकारनं एक कागद दिला, पाठकोरा. एक टेबल दिलं, पांढऱ्या कपड्याचं. तपासणीचे थोडे पैसे परत दिले. आणि एक माणूस दिला, ज्यानं आमच्यासाठी स्वतःची अर्धी रजा घातली. चार शिव्या देणं सोपं असतं, मी जन्मभर दिल्या आणि अजूनही कुठं चुकलं तर देते. पण त्या माणसाचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते फेडायला त्यांनी मला कधी जागाच दिली नाही. दिवाळीला फराळ पाठवला, परत आला. पोरीच्या लग्नाला आले आणि आहेर देऊन न जेवता गेले, संध्याकाळची पंगत होती आणि त्यांची एसटी होती म्हणाले. मला ते डाचत राहिलं. देणाऱ्याचा हात बांधून ठेवला की काय होतं, ते मला तेव्हा कळलं. बाईंना तर ते त्या दुपारीच कळलं होतं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आम्हाला नंतर कळलं. त्या टेबलावर आता एक तरणी मुलगी आहे, तीही चांगली आहे, कागदाऐवजी मोबाइलवर यादी पाठवते.

मध्यंतरी अंगारकी होती. दुकानासमोर गर्दी उसळलेली. बाई काट्यावर होत्या, मी पैसे घेत होते. रांगेतला एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, "अर्धा किलो काळा मसाला." मी मान वर केली नाही, पैशासाठी हात पुढे केला. आणि तेवढ्यात त्या माणसाला शिंक आली.

साहेब होते. सदरा, डोक्यावर टोपी, कपाळाला गुलाल, मागे त्यांच्या मालकीणबाई हातात नारळाचा प्रसाद घेऊन. मी पैसे नको म्हणायच्या आत त्यांनी नोट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता गिऱ्हाईक हाये, ताई. घ्या." मी घेतली.

बाईंनी पिशवीत मसाला भरला, काट्यावर ठेवला. साहेबांची नजर सवयीनं आकड्यावर गेली. पाचशे.

"बराबर," ते म्हणाले.

बाई थांबल्या. त्यांचा हात पातेल्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. रांगेतली माणसं मागून जल्दी करा म्हणत होती. साहेबांनी काट्यावरची पिशवी उचलली, दोन्ही हातांनी तिचं तोंड मोठं केलं आणि बाईंपुढे धरली.

"टाका, बाई. आता चालतंय."

बाईंनी मूठ टाकली. चांगली भरून. मग परत पातेल्यात हात घातला आणि दुसरी टाकली.

"ही कशाची?" साहेब म्हणाले.

"त्या दिशी तुम्ही अर्धी रजा टाकल्ती ना," बाई म्हणाल्या, "तिची."

साहेब काही बोलायला गेले, पण पिशवी तोंडाजवळ होती आणि त्यांना लागोपाठ तीन शिंका आल्या. डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि बराच वेळ पुसत राहिले.